पंधरा तासांची आठवण

रिशार्ड वाग्नरचा 'डेर रिंग देस निबेलुंगेन', म्हणजे 'निबेलुंगाची अंगठी', हा ऑपेरा पाहायचा तर चार संध्याकाळी मोकळ्या ठेवाव्या लागतात. पहिल्या दिवशी 'डास राईनगोल्ड': अडीच तास, मध्यंतराशिवाय. मग 'डी वाल्क्यूरे', 'झीगफ्रीड' आणि 'ग्योटरडेमरुंग'. या तिन्हींना तीन-तीन अंक आणि प्रत्येकी चार तासांच्या आसपास संगीत. शेवटच्याला त्याहूनही जास्त. मध्यंतरं सोडून सगळं मिळून साधारण पंधरा तास होतात. शब्द जर्मन, देव नॉर्स, आणि रंगमंचावर बराच वेळ दोनच माणसं असतात.

एवढं लांबवायची गरज काय होती, असं कुणीही विचारेल, आणि ते विचारणं रास्त आहे. कथेसाठी इतका वेळ लागला नसता. ती एका संध्याकाळीही सांगून झाली असती. लांबी लागते ती ऐकणाऱ्यासाठी. आपल्या मनात सुरांच्या आठवणींचा साठा व्हावा आणि शेवटच्या संध्याकाळी नाटक त्या साठ्यावर चालावं, अशी वाग्नरची रचना आहे. साठा व्हायला वेळ जावाच लागतो. हे एकदा ध्यानात आलं की पंधरा तासांचं ओझं वाटेनासं होतं.

कथेचं मूळ आइसलँडमध्ये आहे. तेराव्या शतकात तिथे जुनी देवकाव्यं आणि वीरकाव्यं लिहून ठेवली गेली, स्नोरी स्टुर्लुसनने तीच परंपरा गद्यात समजावून सांगितली, आणि 'व्होल्सुंगा सागा' या गद्य आख्यानात सिगुर्ड नावाच्या वीराच्या घराण्याची हकिगत आली. जर्मनीकडे याच वीराची वेगळी कथा सांगणारं 'निबेलुंगेनलीड' हे १२००च्या सुमाराचं महाकाव्य होतं. वाग्नरने दोन्हीकडून घेतलं, पण देव आणि दैव यांच्या बाबतीत तो आइसलँडकडेच अधिक झुकला. ओडिनचा वोटान झाला, लोकीचा लोगे, फाफ्निरचा फाफनर, सिगुर्डचा झीगफ्रीड.

पण त्याने नुसती नावं बदलली नाहीत. जुन्या आख्यानात ओडिन, लोकी आणि होनिर हे तीन देव भटकत निघालेले असतात. नदीकाठी मासा खात बसलेल्या एका पाणमांजराला लोकी दगड मारून ठार करतो, आणि ते ह्रेइडमार नावाच्या गृहस्थाचा रूप बदललेला मुलगा निघतो. भरपाई ठरते ती अशी, की पाणमांजराचं कातडं आतून सोन्याने भरायचं आणि वरूनही सोन्याने झाकायचं. लोकी जाऊन आंद्वारी नावाच्या खुजाला पकडतो, त्याचं सगळं सोनं लुबाडतो, बोटातली अंगठीही काढून घेतो. आंद्वारी त्या सोन्याला शाप देतो. कातडं झाकून झाल्यावर मिशीचा एक केस तेवढा उघडा राहतो, आणि तो झाकायला ओडिनला अंगठी टाकावी लागते.

वाग्नरने पाणमांजराच्या जागी फ्राया ही देवी उभी केली. देवांसाठी वालहाल हा महाल बांधणाऱ्या फासोल्ट आणि फाफनर या दोन महाकाय भावांना मजुरी म्हणून वोटानने फ्रायाच कबूल केलेली आहे. तिच्या बदल्यात सोनं घ्यायला ते तयार होतात, पण ती पूर्ण दिसेनाशी होईल एवढा ढीग रचला पाहिजे. ढीग रचला जातो. फासोल्ट जवळ जाऊन बघतो, तर एका फटीतून तिचा डोळा दिसतो. त्याचा तिच्यावर जीव जडलेला आहे. तो डोळा दिसतोय तोवर तिला सोडून जाणं त्याच्याने होत नाही. ती फट बुजवायला अंगठी द्यावी लागते. मिशीच्या केसाच्या जागी प्रेम केलेल्या बाईचा डोळा आला आणि प्रसंगाचं सगळं वजनच बदललं. वाग्नर नाटककार म्हणून किती मोठा होता, हे मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

दुसरी भर त्याहूनही महत्त्वाची. आंद्वारीच्या कथेत नसलेली एक अट वाग्नरने घातली: जो प्रेमाचा कायमचा त्याग करील, त्यालाच ऱ्हाईन नदीच्या तळाशी असलेल्या सोन्यापासून अंगठी घडवता येईल, आणि त्या अंगठीने जगावर सत्ता मिळेल. आल्बेरिख हा निबेलुंग खुजा ती अट पुरी करतो. सत्ता आणि प्रेम एका हातात राहत नाहीत, हा पंधरा तासांचा पाया या एका कलमावर उभा आहे. मे १८४९ मध्ये ड्रेस्डेनच्या उठावात वाग्नर सामील होता. उठाव चिरडला गेल्यावर त्याच्या नावाने अटकेचं वॉरंट निघालं आणि तो स्वित्झर्लंडला पळाला. निर्वासितपणाच्या त्या वर्षांत 'रिंग' आकाराला आली. जॉर्ज बर्नार्ड शॉने १८९८ मध्ये 'द परफेक्ट वॅग्नराइट' या पुस्तकात आल्बेरिखच्या भूमिगत खाणीत भांडवलशाहीचा कारखाना पाहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची युरोपातली परिस्थिती पाहिली, की शॉने ओढूनताणून अर्थ लावला असं वाटत नाही.

संहिता मात्र उलटी लिहिली गेली. १८४८ मध्ये वाग्नरने फक्त झीगफ्रीडच्या मृत्यूवर नाटक लिहिलं. मग त्याला वाटलं की झीगफ्रीडचं तारुण्य दाखवल्याशिवाय ते कळणार नाही, म्हणून त्याआधीचं नाटक आलं. मग त्याच्या आईवडिलांचं, आणि शेवटी सगळ्याच्या मुळाशी असलेलं सोन्याच्या चोरीचं. १८५२ च्या अखेरीस चारही संहिता तयार झाल्या. आता मागची हकिगत प्रत्यक्ष रंगमंचावर आलीच होती, तेव्हा नंतरच्या नाटकांतली लांबलचक निवेदनं त्याने काढून टाकायला हवी होती, असं अनेकांना वाटतं. त्याने ती ठेवली. पात्रं पुन्हा पुन्हा थांबून मागचं सांगतात, आणि कंटाळल्याची तक्रार येते ती बहुधा याच जागांबद्दल. माझ्या मते 'रिंग'चा जीव याच जागांत आहे.

त्यासाठी पहिल्या संध्याकाळच्या पहिल्या सुरापासून सुरुवात करायला हवी. प्रेक्षागृहात काळोख. डबल बास वाद्यं सर्वात खालचा एक सूर धरतात, इतका खालचा की काही वादकांना तार मुद्दाम उतरवून घ्यावी लागते. चार मात्रागटांनंतर बासून त्यावर पंचम धरतात. आपल्या कानाला हे ओळखीचं आहे: तानपुरा लागला आहे, षड्ज-पंचम भरून राहिला आहे, गायकाने अजून तोंड उघडलेलं नाही. मग एक हॉर्न याच स्वरांवरून सावकाश वर चढतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा, तिसरा, असे आठही हॉर्न एकामागून एक तीच चढण चढतात आणि एकमेकांत मिसळतात. तंतुवाद्यं वाहू लागतात. १३६ मात्रागट, म्हणजे चारेक मिनिटं, स्वरसंगती एकदाही बदलत नाही. युरोपीय संगीतात स्वरसंगती बदलत राहणं हाच पुढे सरकण्याचा मार्ग. तिथे हे धाडस होतं. वाग्नरने आत्मचरित्रात लिहिलं आहे की १८५३ मध्ये इटलीतल्या ला स्पेत्सिया या गावी अर्धवट झोपेत त्याला आपण वाहत्या पाण्यात बुडत असल्यासारखं वाटलं आणि हे सूर सुचले. अभ्यासकांना या आठवणीच्या खरेपणाबद्दल शंका आहे. संगीत ऐकताना ती शंका मनात येत नाही.

पहिल्या प्रवेशाच्या शेवटी आल्बेरिख सोनं घेऊन पळतो, नदी अंधारते, आणि पडदा न पडता संगीत आपल्याला पाण्यातून डोंगरमाथ्यावर नेतं. ही दोनेक मिनिटं लक्ष देऊन ऐकावीत. हॉर्नवर अंगठीची सुरावट चालू आहे: खाली उतरणारी, पुन्हा वर येणारी, कुठेच न टेकणारी. ती हळूहळू मंदावते. तिच्यातला ताण निवळतो, स्वर एकमेकांशी जुळवून घेतात, आणि पहाटेच्या उजेडात पितळी वाद्यांवर वालहालची भव्य, शांत सुरावट उभी राहते. दोन्हींचा सांगाडा एकच आहे. खुजाने चोरीतून घडवायची अंगठी आणि देवांनी न दिलेल्या मजुरीवर बांधलेला महाल, दोघांची जात एकच, हे वोटानला कळायच्या कितीतरी आधी आपल्या कानाला कळलेलं असतं. तसं रंगमंचावर कुणी म्हणत नाही. म्हणायची गरजही नाही.

अशा सुरावटी 'रिंग'मध्ये डझनांनी आहेत. भाल्याची, तलवारीची, शापाची, आगीची. त्यांना 'लाइटमोटिफ' म्हणतात. त्यांची नावं आणि याद्या वाग्नरच्या चाहत्यांनी, विशेषतः हान्स फॉन वोल्झोगेनने, १८७६ मध्ये छापलेल्या मार्गदर्शिकेतून रूढ केल्या. यादी पाठ करून ऐकायला बसू नये, असं मी आग्रहाने सांगेन. सुरावटी म्हणजे पात्रांच्या गळ्यातल्या नावाच्या पाट्या नव्हेत. त्या वाढतात, विटतात, दुसरीशी जुळतात, खोट्याही पडतात. ऐकत राहिलं की ओळख आपोआप होते, जशी माणसांशी होते.

ही युक्ती किती नाजूकपणे चालते याचा नमुना 'डी वाल्क्यूरे'च्या पहिल्या अंकात आहे. वादळातून एक जखमी, निःशस्त्र माणूस हुंडिंगच्या घरात शिरतो. तो झीगमुंड. हुंडिंगची बायको झीगलिंड त्याला पाणी देते. दोघं जुळे बहीणभाऊ आहेत, लहानपणी ताटातूट झालेले, आणि हे अजून त्यांना माहीत नाही. रात्री नवऱ्याला झोपेचं औषध देऊन ती बाहेर येते आणि आपल्या लग्नाची हकिगत सांगते. हुंडिंगचे सोयरे मेजवानीला बसलेले, ती एकटी कोपऱ्यात. तेवढ्यात करड्या पोशाखातला एक म्हातारा आत आला. टोपी एका डोळ्यावर ओढलेली. दुसऱ्या डोळ्याच्या नजरेने सगळे पुरुष दचकले, तिच्याकडे मात्र त्याने मायेने पाहिलं. त्याने एक तलवार घराच्या मधोमध वाढलेल्या वृक्षात मुठीपर्यंत खुपसली आणि निघून गेला.

ती हे सांगत असताना वाद्यवृंद अगदी हलक्या आवाजात वालहालची सुरावट वाजवतो.

आपण आदल्या संध्याकाळी ती ऐकलेली असते. तो म्हातारा कोण, हे झीगलिंडला माहीत नाही, झीगमुंडला माहीत नाही. आपल्याला माहीत असतं: तो वोटान, आणि तो या दोघांचाही बाप आहे. लेकीच्या जबरदस्तीच्या लग्नाला बाप येऊन गेला आणि तिला कळलं नाही. निवेदन कापून टाकलं असतं तर हा क्षण गेला असता. आणि पहिली संध्याकाळ चुकवली असेल, तर हा क्षण समोर घडूनही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

झाडात खुपसलेली तलवार 'व्होल्सुंगा सागा'तलीच आहे. तिथे सिग्नी ही बहीण वेश बदलून भावाकडे जाते ती सूड घेईल असा मुलगा व्हावा म्हणून. भावाला पत्ताही नसतो. वाग्नरने तिथे प्रेम आणलं. बहीणभावाचं हे मीलन आजही प्रेक्षकाला अस्वस्थ करतं, आणि नाटकात त्या अस्वस्थतेला वकील मिळते ती वोटानची पत्नी फ्रिका, विवाहाची देवता. दुसऱ्या अंकात ती नवऱ्याला गाठते. तिचं म्हणणं बिनतोड आहे: झीगमुंड स्वतंत्र वीर नाही, तलवार तूच ठेवलीस, संकटही तूच आणलंस. वोटानकडे उत्तर नाही. त्याला मुलाला मरू द्यावं लागणार.

त्यानंतर येतं वोटानचं दीर्घ स्वगत, पडलेल्या वीरांना वालहालमध्ये नेणारी त्याची वाल्क्यूर कन्या ब्र्युन्हिल्ड हिच्यासमोर. वीसेक मिनिटं. तो जवळजवळ पुटपुटत सुरुवात करतो, खाली बास वाद्यांचा एकच सूर. इथे थिएटरात चुळबुळ सुरू होते. संहिता आधी वाचून गेलात तर हीच जागा सगळ्यात भारून टाकते. करार करून राज्य मिळवलेला देव कबूल करतो की त्याच करारांनी आपल्याला बांधून टाकलं आहे. आपल्या इच्छेविरुद्ध उभा राहील असा मोकळा माणूस हवा होता, आणि आपण ज्यांना घडवलं ते सगळे गुलाम निघाले. आता त्याला फक्त शेवट हवा आहे. तुरुंगात असलेल्या आउगुस्ट र्‍योकेल या क्रांतिकारक मित्राला १८५४ मध्ये लिहिलेल्या पत्रात वाग्नरने म्हटलं होतं की वोटान हुबेहूब आपल्यासारखा आहे. सत्तेवरच्या माणसाचं इतकं प्रामाणिक चित्र रंगभूमीवर फार थोड्या ठिकाणी सापडतं.

आणि त्याच अंकातला पुढचा प्रवेश, मला चारही संध्याकाळींत सर्वांत प्रिय. ब्र्युन्हिल्ड झीगमुंडला त्याचा मृत्यू सांगायला येते. वालहालमध्ये तुला वीरांच्या पंगतीत जागा आहे, असं ती म्हणते. तो शांतपणे विचारत जातो: तिथे माझे वडील भेटतील? भेटतील. आणि झीगलिंड? नाही, तिला अजून इथेच राहायचं आहे. मग मी येत नाही. स्वर्ग नाकारणारा माणूस ब्र्युन्हिल्डने याआधी पाहिलेला नाही. ती हादरते, आणि बापाची आज्ञा मोडायचं ठरवते. पुढच्या दोन नाटकांतलं सगळं या एका नकारातून निघतं.

तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीचं वाल्क्यूरांचं दौडगीत जगभर ठाऊक आहे. कोप्पोलाच्या 'अपोकॅलिप्स नाऊ' या सिनेमात ते हेलिकॉप्टरांवर वाजलं. मला ध्यानात ठेवायला सांगायचं आहे ते थोडं पुढचं. झीगमुंड मेला आहे. झीगलिंडलाही जगायचं नाही. ब्र्युन्हिल्ड तिला सांगते की तुझ्या पोटात मूल आहे, आणि मोडलेल्या तलवारीचे तुकडे तिच्या हाती देते. झीगलिंडच्या तोंडून एक प्रचंड, उंच उसळणारी सुरावट निघते. एकदाच. मग ती अरण्यात निघून जाते आणि पुन्हा कधीच दिसत नाही. ती सुरावटही पुन्हा ऐकू येत नाही: या अंकात नाही, तिसऱ्या संध्याकाळी नाही, चौथ्या संध्याकाळच्या पहिल्या दोन अंकांतही नाही.

या सगळ्यासाठी वाग्नरला वेगळं थिएटर हवं होतं. बव्हेरियातल्या बायरॉइट या छोट्या गावात २२ मे १८७२ ला, त्याच्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, पायाभरणी झाली. पैसा उभा करायला ३०० थालरच्या एक हजार आश्रयदाता-पत्रिका विकायचं ठरलं. त्या पुरेशा खपल्या नाहीत, आणि शेवटी बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने एक लाख थालरचं कर्ज दिलं. ऑगस्ट १८७६ मध्ये पहिली संपूर्ण 'रिंग' झाली. संचालक हान्स रिख्टर. श्रोत्यांत जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म, ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो, लिस्ट, ब्रुकनर, ग्रीग, चायकोव्हस्की. ऱ्हाईनकन्यांना चाकांच्या गाड्यांवर उंच दांड्यांना बांधून खालून माणसं फिरवत होती, तरंगल्याचा भास व्हावा म्हणून. महोत्सव मोठ्या तोट्यात गेला आणि बायरॉइटला 'रिंग' पुन्हा झाली ती १८९६ मध्ये, वाग्नर जाऊन तेरा वर्षं झाल्यावर.

इमारत बाहेरून साधी आहे. आत सुमारे १,९०० खुर्च्या, एकाच उतारावर, मधे वाट नाही, बाजूला सरदारांचे सज्जे नाहीत. बैठक कठीण, जाणते लोक उशी घेऊन जातात. वाद्यवृंद दिसत नाही. तो रंगमंचाखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या खड्ड्यात बसतो, व्हायोलिन वर, ट्रॉम्बोन आणि नगारे अगदी तळाशी, आणि वर लाकडी झाकण. आवाज आधी रंगमंचाकडे जातो, गायकाच्या आवाजात मिसळतो, मग प्रेक्षकांपर्यंत येतो. त्यामुळे शंभराहून अधिक वाद्यं वाजत असतानाही शब्द बुडत नाहीत. 'राईनगोल्ड' सोडून बाकीचे प्रयोग दुपारी चारला सुरू होतात आणि प्रत्येक मध्यंतर सुमारे तासाभराचं असतं. ते संपत आलं की पितळी वाद्यांचे वादक सज्जात येऊन पुढच्या अंकातली एखादी सुरावट वाजवतात: पंधरा मिनिटं उरली असताना एकदा, दहा उरली की दोनदा, पाच उरली की तीनदा. बागेत फिरत असलेल्या माणसाला घंटेऐवजी नाटकातलाच सूर आत बोलावतो.

तिसऱ्या संध्याकाळबद्दल मी थोडक्यात लिहितो. 'झीगफ्रीड'चे पहिले दोन अंक लोककथेच्या चालीचे आहेत: भीती म्हणजे काय हे न कळणारा झीगलिंडचा मुलगा, त्याला वाढवणारा कपटी मीमे, जोडलेली तलवार, अंगठी राखणाऱ्या ड्रॅगनचा वध, रक्ताचा थेंब जिभेला लागताच कळू लागलेली पाखरांची भाषा. झीगफ्रीडचा उद्दामपणा मला आजही खटकतो. पण तिसऱ्या अंकाचा पहिला सूर लागतो आणि काहीतरी बदललेलं जाणवतं. त्याचं कारण चरित्रात आहे. १८५७ मध्ये दुसऱ्या अंकाचा खर्डा झाल्यावर वाग्नरने काम थांबवलं. मधल्या काळात त्याने 'ट्रिस्टान उंड इझोल्डे' आणि 'डी माइस्टरझिंगर' हे दोन ऑपेरे रचले आणि १८६९ मध्ये तिसरा अंक हाती घेतला. बारा वर्षांनी परतलेल्या हाताला वाद्यवृंदाची दाट वीण आता सहज येत होती. एकाच नाटकात एका कलावंताची दोन वयं ऐकू येतात.

आता चौथी संध्याकाळ. 'ग्योटरडेमरुंग'चा सगळा पेच विसरण्यावर उभा आहे. झीगफ्रीड ब्र्युन्हिल्डला अंगठी देऊन जगात बाहेर पडतो, गिबिखुंगांच्या दरबारी पोहोचतो, आणि आल्बेरिखचा मुलगा हागेन त्याला विस्मृतीचं पेय पाजवतो. हे पेयही सागामधलंच. झीगफ्रीड ब्र्युन्हिल्डला पूर्ण विसरतो आणि दुसऱ्या पुरुषासाठी तिलाच पळवून आणतो. रंगमंचावरच्या नायकाला काही आठवत नाही. आपल्याला आणि वाद्यवृंदाला सगळं आठवतं. वोटानने शिक्षा म्हणून गाढ झोपवलेल्या ब्र्युन्हिल्डला आदल्या रात्री ज्या सुरांत त्याने जागं केलं, ते सूर खाली वाजत राहतात आणि त्याच्या कानावर जात नाहीत. तीन संध्याकाळी वाग्नर आपल्याला कशासाठी तयार करत होता, ते इथे कळतं.

तिसऱ्या अंकात हागेन त्याला उतारा देतो, आठवण परत येते, आणि आठवण सांगत असतानाच पाठीत भाला बसतो. त्याचं प्रेत उचलून नेताना जे संगीत वाजतं त्यात गाणारं कुणीच नाही. झीगमुंडने पाणी मागितलं तेव्हाची सुरावट, त्याच्या आणि झीगलिंडच्या प्रेमाची, तलवारीची, एका घराण्याची सगळी हकिगत सहासात मिनिटांत डोळ्यांसमोरून जाते. हे संगीत स्वतंत्रपणे मैफलीतही वाजवतात आणि तिथेही ते भव्य वाटतं. पण तेरा-चौदा तास ऐकून त्याच्यापाशी आलेल्या माणसाला त्यात माणसं ओळखू येतात. मोठमोठी माणसं तिथे रडताना मी पाहिली आहेत.

शेवटी ब्र्युन्हिल्ड चिता रचायला सांगते, अंगठी ऱ्हाईनकन्यांना परत देते आणि घोड्यासह आगीत शिरते. नदी चढते, अंगठीमागे धावलेला हागेन बुडतो, वर वालहाल पेटतो. आणि आता, दोन संध्याकाळींनंतर, झीगलिंडची ती सुरावट परत येते. आधी ब्र्युन्हिल्डच्या गळ्यात, मग सगळं कोसळून गेल्यावर व्हायोलिनवर. जुन्या आख्यानात देवांचा अंत आणि सिगुर्डची कथा यांचा एकमेकांशी संबंध नाही. तिथे ओडिनला फेनरिर लांडगा गिळतो, आणि नंतर समुद्रातून हिरवी पृथ्वी पुन्हा वर येते. वाग्नरने लांडगा वगळला आणि हिरव्या पृथ्वीचं काम एका आईच्या सुरावटीवर सोपवलं.

या शेवटाबद्दल त्याचं मन अनेकदा बदललं. १८५४ मध्ये त्याने शोपेनहाउअर वाचला, त्यातून तो बौद्ध विचाराकडे वळला. १८५६ मध्ये 'डी झीगर' नावाच्या ऑपेराचा आराखडा त्याने केला. विषय होता बुद्धाचा शिष्य आनंद आणि प्रकृती ही चांडाळकन्या, म्हणजे पुढे रवींद्रनाथांच्या 'चंडालिका'त आलेलीच कथा. तो ऑपेरा कधी झाला नाही. पण त्याच वर्षी ब्र्युन्हिल्डसाठी त्याने पुनर्जन्मातून सुटकेच्या ओळी लिहिल्या होत्या. संगीत देताना त्या त्याने गाळल्या. जे शब्दांत सांगायचं होतं ते वाद्यवृंद आधीच सांगत होता.

वाग्नरबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळून चालत नाही. १८५० मध्ये त्याने टोपणनावाने ज्यूंविरुद्ध एक विषारी निबंध छापला आणि १८६९ मध्ये स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. त्याच्या सुनेच्या, विनिफ्रेडच्या, काळात हिटलर बायरॉइटचा मानाचा पाहुणा होता. पॅलेस्टाइनमधल्या ज्यू वाद्यवृंदाने नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांनंतर वाग्नर वाजवणं बंद केलं, आणि इस्रायलमध्ये तो अलिखित नियम टिकला. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी १९८१ मध्ये तेल अवीवमध्ये 'ट्रिस्टान'मधला एक भाग वाजवायला घेतला तेव्हा सभागृहातच निषेध झाला. ज्यांच्या घरची माणसं छळछावण्यांत गेली, त्यांनी हे संगीत ऐकावं असं सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. मी स्वतः ते ऐकतो, आणि त्या निबंधाची आठवण बाजूला न ठेवता ऐकतो. मेहतांनी पुढे २००७ ते २००९ या काळात स्पेनमधल्या व्हालेन्सिया इथे 'ला फुरा देल्स बाऊस' या नाट्यसंस्थेबरोबर संपूर्ण 'रिंग' उभी केली. तिचं चित्रीकरण उपलब्ध आहे.

बायरॉइटच्या १९७६ च्या शतसांवत्सरिक प्रयोगात पात्रीस शेरो या तरुण फ्रेंच दिग्दर्शकाने ऱ्हाईनच्या जागी जलविद्युत धरण उभं केलं आणि देवांना एकोणिसाव्या शतकातल्या उद्योगपतींचे कपडे घातले. संगीत संचालक पिएर बुलेझ. पहिल्या वर्षी प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवून गोंधळ घातला. १९८० मध्ये तोच प्रयोग शेवटचा झाला तेव्हा टाळ्या तासाभराहून अधिक वेळ चालल्या. हेही दृश्यरूपात मिळतं, आणि नवख्याला मी हेच सुचवतो, कारण त्यातले गायक अभिनय करतात. केवळ ऐकायचं असेल तर गेओर्ग शोल्टीने व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर १९५८ ते १९६५ या काळात केलेलं ध्वनिमुद्रण घ्यावं. 'राईनगोल्ड'मध्ये खुजांच्या खाणीत उतरताना वाग्नरने अठरा ऐरणी मागितल्या आहेत. बहुतेक थिएटरांत काटकसर होते, या ध्वनिमुद्रणासाठी त्या खरोखर गोळा केल्या गेल्या. वाद्यवृंद एकेक करून थांबतो आणि फक्त ऐरणी उरतात, ती जागा मोठ्या आवाजात ऐकावी. मुंबईत एनसीपीएमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रयोगांची चित्रीकरणं पडद्यावर दाखवतात. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर लक्ष ठेवावं.

सुरुवात 'डी वाल्क्यूरे'च्या पहिल्या अंकाने करायला हरकत नाही. तासाभराचा आहे, तीनच पात्रं आहेत. इंग्रजी उपशीर्षकं लावावीत किंवा अनुवाद आधी वाचून घ्यावा. मग पहिल्या संध्याकाळकडे जावं, 'राईनगोल्ड' सलग ऐकावं, आणि 'वाल्क्यूरे' पुन्हा पहिल्यापासून लावावी. रोज एक अंक झाला तरी दोन आठवड्यांच्या आत शेवटाशी पोहोचता येतं. फक्त मध्ये फार दिवसांचा खंड पडू देऊ नये, आणि वोटानच्या स्वगताला पुढे ढकलू नये.